रेडिएटरमधली हळद

बाई गाडी चालवते म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात तो भीतीचा. रस्त्यात एकटी अडकलीस तर? कुणी आडवं आलं तर? मी हसून मान हलवते. मला फारसं बोलता येत नाही, आणि खरं उत्तर दिलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. मला भीती माणसांची वाटत नाही. स्टिअरिंगच्या पलीकडे, काचेआड, बोटाच्या पेराएवढा एक काटा आहे. इंजिनातलं पाणी किती तापलंय ते तो दाखवतो. तो उजवीकडे सरकू लागला की माझ्या तोंडाला कोरड पडते.

कोल्हारला एका डॉक्टरबाईंचं लहानसं प्रसूतिगृह आहे, तिथे मी काम करते. शिक्षण नगरच्या कॉन्व्हेंट शाळेत झालं, म्हणून औषध कंपन्यांना इंग्रजीत पत्रं लिहायला बाईंनी मला ठेवून घेतलं. राहायला दवाखान्यामागची खोली दिली. गाडी मला वडिलांनी शिकवली. ते लष्कराच्या मोटार वर्कशॉपमध्ये होते. भिंगारच्या मैदानावर रविवारी सकाळी गंमत म्हणून त्यांनी मला जीप चालवायला दिली. तिच्यावर पुढे माझं पोट चालेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

बाईंची जीपही लष्कराच्या लिलावातली, म्हणजे आमच्याकडे म्हणतात तशी ‘डिस्पोझलची’. तिच्यावर गफूरचाचा नावाचे म्हातारे ड्रायव्हर होते. एका दुपारी राहात्याहून परत येताना जीप उकळली. मागे पेशंटबरोबर बाई आणि मी होतो, चाचांना घाई झाली. त्यांनी फडक्याने धरून रेडिएटरचं टोपण फिरवलं. आधी एक फुसकारा आला, आणि मग उकळतं पाणी माणसाच्या डोक्याच्या वर उडालं. चाचा ओरडले नाहीत. हात छातीशी धरून रस्त्याच्या कडेला खाली बसले. कोपरापर्यंतची कातडी ओल्या कागदासारखी सरकली होती. बाईंनी तिथेच मलमपट्टी केली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “तुला येते ना चालवायला?”

त्या दिवसापासून मी ड्रायव्हर झाले. चाचा मुलाकडे श्रीगोंद्याला गेले. त्यांची बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत. जाताना मला म्हणाले, “बेटी, रेडिएटरला बारीक गळती हाय. अधनंमधनं मूठभर हळद टाकत जा. आपोआप बुजतंय.”

मी मान डोलावली, पण हळद काही टाकली नाही. जीपच्या इंग्रजी पुस्तकात हळदीचा उल्लेख नव्हता, आणि गळती मला कुठे दिसली नव्हती.

ज्यांचा गाडीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंजिनात सतत स्फोट होत असतात आणि त्यांची आग इंजिनच्या पोटातून फिरणारं पाणी उचलतं. ते पाणी पुढच्या जाळीत येतं, तिथल्या बारीक नळ्यांमधून उतरताना त्याला पंख्याचा वारा लागतो, आणि निवलेलं पाणी परत आत जातं. ही जाळी म्हणजे रेडिएटर. त्या नळ्या इतक्या अरुंद असतात की आत गाळ बसला की पाणी अडतं, आणि पाणी अडलं की इंजिन तापतं. म्हणून मधून मधून सगळं पाणी काढून, आतून धुऊन, नवं भरावं लागतं. एरवी हे काम सोपं आहे. अंगणात बसून कुणालाही करता येईल.

पण ते दुष्काळाचं वर्ष होतं. विहिरींच्या तळाला जे उरलं होतं ते मचूळ आणि खारट. त्याने चुलीवरच्या भांड्यांच्या बुडाला पांढरा थर बसायचा. तोच थर जीपच्या नळ्यांत बसत असणार हे मला दिसत होतं, आणि मी काही करू शकत नव्हते. कारण लोक तिला पाणी पाजत होते. बाळंतपणाला ज्या घरी जावं तिथे आधी आम्हाला पाणी मिळे आणि मग जीपला. घरात एकच कळशी असली तरी म्हातारा म्हणे, “लांबनं आलीया, तिलाबी पाजा.” त्या दिवसांत कुणी पाणी देऊ केलं आणि आपण नको म्हटलं, तर तो माणूस कायमचा दुखावला जाई. मी टोपण उघडून द्यायची. पंचक्रोशीतल्या प्रत्येक विहिरीचा तळ आमच्या रेडिएटरमध्ये होता.

माझ्या खोलीला लागून अनुसयाकाकूंचं घर. त्यांची लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाईंनी तिला तपासलं आणि हात धुताना मला हळूच म्हणाल्या, “मूल आडवं आहे. फिरलं तर ठीक. नाही फिरलं तर इथे काही करता येणार नाही. कळा सुरू झाल्या की सरळ नगर. ऑपरेशन लागेल.”

काकूंना त्यांनी हेच जरा मऊ शब्दांत सांगितलं असावं. कारण दुसऱ्या दिवसापासून काकू रोज जीपभोवती चक्कर मारू लागल्या. त्या टायरला हात लावून बघायच्या, बॉनेटवर थाप द्यायच्या.

“ड्रायव्हरीणबाई, घाट चढंल न्हवं ही?”

“चढेल, काकू.”

“तसं न्हाई. माजी सुमी बसल्याव चढंल का?”

त्या आठवड्यात राहुरीच्या अलीकडे साध्या सपाट रस्त्यावर जीपचा काटा वर गेला. मी थांबून गार होऊ दिली आणि हळूहळू परत आणली, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. नगरच्या रस्त्याला विळदचा घाट आहे. सपाटीवर तापणारी गाडी तो चढणार नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “सुमनला अजून दोन आठवडे तरी आहेत. रविवारी करून टाक.”

प्रश्न पाण्याचा होता. पुस्तकात लिहिलं होतं, मऊ पाणी वापरावं. इंग्रजीत वाचताना हे सोपं वाटलं होतं. कोल्हारमध्ये मऊ पाणी कुठून आणायचं? मग लक्षात आलं की बाईंची हत्यारं रोज उकळतात. पाणी उकळलं की त्यातला बराचसा क्षार भांड्याच्या बुडाला बसतो. त्या दिवसापासून मी ते वरचं निवळलेलं पाणी दोन पिंपांत साठवू लागले. एक पिंप धुवायला, दुसरं शेवटी भरायला. कुणाच्या तोंडचं पाणी मी काढून घेत नव्हते. तरीही रविवारी पिंपाजवळ बादली घेऊन बसले तेव्हा मान वर करायची हिंमत होईना. गल्लीत टँकरची वाट बघत बायका रिकामे हंडे घेऊन बसल्या होत्या.

“मानसाला प्यायला न्हाई, आन् हिची गाडी आंघुळ करतीया,” एकजण म्हणाली.

“करू दे गं,” काकू आपल्या दारातून ओरडल्या. “माजी सुमी त्याच गाडीतनं जायचीया.”

इंजिन थंड होतं. मी खालचा नळ सोडला. आधी तांबूस पाणी आलं आणि मग पिवळं, दाट, लग्नघरातल्यासारखं पिवळंधमक. घमेल्यात हळदीचा थरच बसला. चाचांनी किती वर्षं मुठी टाकल्या होत्या कोण जाणे.

बायका उठून बघायला आल्या. “आगं बया! गाडीला हळद लागली! नवरा कुठं हाय गं?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून भरला, इंजिन चालवलं, गार होऊ दिलं, सोडलं. पुन्हा पाणी, पुन्हा इंजिन, पुन्हा सोडणं. खालची नळी काढून तिथून उलटं पाणी ढकललं, तेव्हा खपल्यांसारखे तुकडे बाहेर पडले. पहिलं पिंप संपत आलं तेव्हा पाणी स्वच्छ येऊ लागलं होतं. सोड्याचं पाणी कुणा जनावराच्या तोंडी लागू नये म्हणून लांब खड्ड्यात ओतून आले. नळी बसवली, नळ बंद केला, आणि दुसऱ्या पिंपाचं झाकण उचललं.

पिंप कोरडं होतं.

मी वाकून आत हात घातला. तळाला नुसता ओलावा लागला. क्षणभर वाटलं, चुकीचं पिंप उघडलं. मग मागून काकूंचा आवाज आला, “ते पानी व्हय? ते मी सकाळी म्हशीला पाजलं.”

मी पिंपातून हात काढून मागे वळले.

“हत्यारं उकळल्यालं पानी, कोन पितंय? नुस्तं साठून ऱ्हायलंय, वाया जातंय म्हनलं. तुजं हुतं का ते?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्या वर्षी आमच्याकडे कुणालाही साठलेलं पाणी नुसतं उभं असलेलं बघवत नसे. आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं जनावरांना. मीच कुणाला सांगितलं नव्हतं की ते गाडीचं आहे. सांगायला लाजले होते.

मी एवढंच म्हणाले, “काकू, गाडी रिकामी आहे.”

आणि त्याच वेळी त्यांच्या घरातून सुमनची हाक आली. हाक म्हणजे नुसता “आये” एवढाच शब्द, पण तो ज्या तऱ्हेने आला त्यावरून अंगणातल्या सगळ्या बायकांना कळलं. काकू आत धावल्या. बाई दवाखान्यातून आल्या, आत गेल्या, आणि लगेच पुन्हा बाहेर आल्या.

“फिरलेलं नाही. लगेच निघायचं.”

गावातली दुसरी मोटार सकाळीच श्रीरामपूरला गेली होती. टँकरचा पत्ता नव्हता. मी बाईंना सांगितलं की रेडिएटरमध्ये थेंब नाही. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, “गाडीचं तू बघ. पोरीचं मी बघते.” आणि परत आत गेल्या.

मी विहिरीकडे जायला बादली उचलली. तेवढ्यात काकू घरातून भरलेला हंडा घेऊन आल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक रांजण होता. टँकरच्या प्रत्येक फेरीतून तांब्या तांब्या बाजूला काढून त्यांनी तो भरला होता. लेकीची आणि नातवंडाची पहिली आंघोळ त्यातून व्हायची होती. गल्लीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्या पाण्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

“काकू, हे नको. मी विहिरीचं...”

“वत,” त्या म्हणाल्या. “तुजं मी म्हशीला पाजलं, आता माजं तू हिला पाज.”

मी ओतलं. घाईत थोडं बाहेर सांडलं. काकूंनी ते बघितलं आणि हंड्याला खालून हात दिला. टोपण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, कारण आत हवा अडकली तर पाणी फिरत नाही. तोंडाशी बुडबुडे येत राहिले. ते थांबेपर्यंत वाट बघणं भाग होतं. घरातून कण्हण्याचा आवाज येत होता आणि मी एका भोकाकडे टक लावून उभी होते. बुडबुडे थांबले. उरलेलं पाणी डब्यात भरून जीपमध्ये ठेवलं. मागच्या बाकड्यांच्या मधे गादी टाकून सुमनला निजवलं. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मांडीवर बाळंतपणाचं गाठोडं घेऊन काकू.

राहुरीपर्यंत काटा मधोमध होता. इतका स्थिर मी त्याला कधी बघितला नव्हता. मला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटू लागली.

घाटाची चढण लागली. मी गिअर उतरवला. पहिल्या वळणावर काटा हलला. दुसऱ्या वळणानंतर तो लाल खुणेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफेची बारीक रेघ वर आली. मी गाडी कडेला घेतली, पाय ब्रेकवर घट्ट धरून बसले, आणि एका क्षणाने कळलं की उतरायला हवं.

बॉनेट उचललं. रेडिएटरच्या एका कडेला केसाएवढ्या फटीतून पाण्याची चिळकांडी उडत होती. मी आत बसलेला गाळ काढला होता आणि त्याबरोबर चाचांनी भरलेलं बुजवणही काढलं होतं. जी गळती मला कधी दिसली नव्हती, ती हळदीमुळे दिसली नव्हती.

काकू उतरून माझ्याजवळ आल्या. “काय झालं? पानी वत की! डबा हाय न्हवं?”

“गार होऊ दे आधी.”

“गार? आगं पोरगी मरतीया माजी! उघड ते!”

त्यांनी पदर हाताला गुंडाळला आणि टोपणाकडे हात नेला. मला चाचांचा हात दिसला. मी काकूंचं मनगट धरलं. आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाला मी असं कधी धरलं नव्हतं.

“हात लावायचा नाही,” मी म्हणाले. आवाज माझा वाटला नाही. “आत्ता उघडलं तर आतलं सगळं उडून जाईल. तुम्ही भाजाल आणि गाडी इथेच राहील. गार पाणी तापल्या इंजिनावर पडलं तर ते तडकेल. थांबायचं.”

“किती?” हा प्रश्न बाईंनी मागून विचारला.

“हात ठेवता येईपर्यंत.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “सुमन, श्वास घे. माझ्याकडे बघ.”

कडब्याने भरलेला एक ट्रक वर चालला होता, तो काकूंनी हात करून थांबवला. ड्रायव्हर भला होता, केबिन रिकामी करून द्यायला तयार झाला. पण बाईंनी मान हलवली. सुमनला उचलून वर चढवणं, बसवून नेणं, यातलं काहीच चालणार नव्हतं. ट्रक गेला. त्याची घरघर वळणापलीकडे विरली आणि सुमनची कळ आली. मी रेडिएटरच्या वरच्या बाजूला हाताची मागची बाजू टेकवत होते, लहान मुलाचा ताप बघतात तशी. चटका बसला की हात मागे. पुन्हा थोड्या वेळाने. आत माणूस तळमळत असताना असं नुसतं उभं राहणं, काहीही न करणं, हेच करायचं असणं, याइतकं अवघड काम मी अजून केलेलं नाही.

दोन कळांच्या मधे सुमनने हाक मारली, “ताई, माज्या वज्यानं तापली का गं गाडी?”

“नाही गं,” मी म्हणाले. पुन्हा रेडिएटरला हात टेकवला.

गार झालं तरी फट राहणार होती. डब्यात पाणी एकदाच पुरेल इतकं. ओतलं की घाटमाथ्यापर्यंत गळून जाणार. काकू परत सुमनजवळ जाऊन बसल्या होत्या. मी त्यांच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे बघितलं.

“काकू, त्यात हळद आहे?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “हाय. बाळाच्या अंगाला लावायला. घरची हाय, कुटून वस्त्रगाळ केल्याली.”

“मला द्या.”

“किती?”

“सगळी.”

त्यांनी गाठ सोडली. पुरचुंडी माझ्या हातात ठेवताना त्यांचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होत्या की मला शिव्या देत होत्या, मी विचारलं नाही.

हात ठेवता आला. टोपणावर ओलं पोतं टाकलं, मान बाजूला केली, आणि पहिल्या खाचेपर्यंतच फिरवलं. फुसकारा झाला. माझे डोळे मिटलेले होते. तो थांबल्यावर टोपण काढलं. हळद थोड्या पाण्यात कालवून आत ओतली, इंजिन चालू केलं, आणि बाकीचं पाणी धार धरून हळूहळू सोडलं. चिळकांडी पुन्हा सुरू झाली, आता पिवळी. मग तिची धार बारीक झाली. मग थेंब. मग नुसतीच एक पिवळी ओली रेघ.

उरलेला घाट मी काट्याकडे बघत चढले. रस्ता कसा दिसला ते आठवत नाही. तापलेल्या हळदीचा वास गाडीभर पसरला होता. आतापर्यंत तो वास मला स्वयंपाकघराचा वाटायचा.

नगरच्या हॉस्पिटलच्या दारातून सुमनला आत नेलं. मी इंजिन बंद केलं नाही. बंद केलं तर पुन्हा सुरू होणार नाही असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. पोर्चमधल्या शिपायाने येऊन दोनदा सांगितल्यावर किल्ली फिरवली. मग बॉनेटपाशी उभी राहिले.

बऱ्याच वेळाने बाई बाहेर आल्या. “मुलगी झाली. रडायला जरा वेळ लावला तिने. दोघी ठीक आहेत.” मग त्यांनी माझा हात उलटा करून बघितला. मागच्या बाजूला लाल फोड आले होते. ते मला तोपर्यंत जाणवले नव्हते.

वडिलांच्या ओळखीच्या माणसाकडून ती फट कथिलाने झाळून घेतली आणि रेडिएटर पुन्हा धुऊन आणला. हळद निघाली, पण पुरचुंडीभर हळद आता माझ्या हत्यारांच्या पेटीत असते. पुस्तक तिच्याशेजारीच असतं. सुमनच्या मुलीची घरी आल्यावरची पहिली आंघोळ हळदीवाचून आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्याने झाली, याची रुखरुख काकूंना आहे. मलाही आहे. मुलगी सावळी आहे. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “हिच्या वाटची हळद गाडीनं खाल्ली.” आणि मुलीने रडायला लावलेल्या त्या वेळातला किती वेळ मी घाटात घालवलेला होता, हे मी बाईंना कधी विचारलं नाही.

आता पाऊसपाणी बरं आहे. रेडिएटर धुवायचं काम मी वेळच्या वेळी करते. त्याआधी शेजारी जाऊन विचारते, “काकू, आज कुणाला कुठे जायचं नाही ना?”

काकूंना याची सवय झाली आहे. नातीला कडेवर घेऊन त्या दारात येतात आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडतात, “ए बायांनू! ड्रायव्हरीणबाई गाडी रिकामी करतीया! कुनाच्या पोटात दुखत आसंल तर आत्ताच सांगा!”

घराघरांतून हसणं ऐकू येतं. कुणी ओरडतं “न्हाई गं”, कुणी म्हणतं “माज्या नवऱ्याच्या दुखतंय, नेती का?”

मी हसत नाही. पान्हा हातात घेऊन जीपपाशी उभी असते आणि आवाज मोजत असते. शेवटच्या घरातून उत्तर आल्याशिवाय खालच्या नळाला हात लावत नाही.